डावी फळी टेकडीमागे कशी गेली

सेनापतींच्या घरात जेवायचं टेबल होतं, पण त्यावर बत्तीस वर्षांत कोणी जेवलं नव्हतं. त्यावर लढाई चालू होती.

'सेनापती' हे नाव गल्लीनं ठेवलेलं. स्वतः गृहस्थ इतके सौम्य, की रस्ता ओलांडताना समोरून साधी सायकल आली तरी बायकोचा हात धरायचे, आणि भिंतीवर पाल दिसली की खुर्चीवर चढून, आवाज जराही न चढवता, "अगं, वेळ असला तर इकडे येतेस का?" असं विचारायचे. पण विषय जपानचा लष्करी इतिहास. विद्यापीठात या विषयाचं स्वतंत्र खातं होतं. ते का काढलं, हे आता कोणालाच आठवत नव्हतं, आणि बंद का करायचं हेही कोणाला सुचत नव्हतं, म्हणून ते चालू होतं. खात्यात एक खोली, एक कपाट, एक पंखा आणि सेनापती.

जपानच्या साऱ्या लष्करी इतिहासातून सेनापतींनी आपल्यासाठी एक दिवस निवडला होता. चारशेच्या वर वर्षांपूर्वीचा एक दिवस. एका आडबाजूच्या दलदलीच्या काठी दोन सरदार सकाळी लढायला उभे राहिले आणि संध्याकाळी त्यांतला एकच उरला. एवढंच. लोकांना वाटायचं, एका दिवसावर माणूस आयुष्य कसं काढतो? पण अभ्यास खोलवर करायचा म्हटलं तर सकाळचं धुकं निवळायलाच चाळिशी उलटते.

सेनापतींची काम करायची पद्धत ठरलेली होती. बखरीत जे वाचायचं ते आधी टेबलावर मांडायचं आणि टेबलावर दिसल्याशिवाय लिहायचं नाही. बायकोचं शिलाईचं दुकान घराच्या पुढच्या खोलीत. त्यामुळे सैन्याला तोटा नव्हता. शिंपल्याची शर्टाची बटणं म्हणजे पायदळ, पितळी बटणं म्हणजे घोडेस्वार. नदी निळ्या फितीची, दलदल हिरव्या अस्तराची आणि मधली टेकडी म्हणजे एक पालथा वाडगा. हा वाडगा बायकोच्या माहेरचा. तो टेकडी झाला त्या दिवसापासून स्वयंपाकघरात एक वाडगा कमीच होता.

टेबलाला हात लावायची कोणाला परवानगी नव्हती. लेक जमिनीवर बसून अभ्यास करून शिकली, नोकरीला लागली, लग्न करून सासरी गेली. नवराबायको पलंगाच्या कडेला बसून ताटं मांडीवर घेऊन जेवत. पाहुणा आलाच तर त्याला शिलाई मशीनवर ताट मिळे आणि पायाखालचं पायडल न हलवण्याची ताकीद.

या टेबलानंच सेनापतींना मोठं केलं. उमेदीच्या वर्षांत ते एका जागी अडकले होते. बलाढ्य सैन्य हरलं कसं? बखरीत एवढंच वाक्य होतं, की 'दुपारी डावी फळी हलली.' कुठे हलली, का हलली, काही नाही. सेनापती महिनाभर टेबलाकडे बघत बसले. मग एका दुपारी विद्यापीठातून आले, बघतात तर काय! डावी फळी टेकडीच्या मागे गेलेली. चाळीसच्या चाळीस बटणं वाडग्यामागे दाटीनं उभी. सेनापतींना लख्ख दिसलं. फळी पळाली नव्हती, तिनं टेकडीला वळसा घातला होता! आपण सकाळी विचाराच्या तंद्रीत ही बटणं हलवली असणार आणि आपल्यालाच कळलं नाही, असं त्यांनी धरलं. पुढे विद्यार्थ्यांना ते नेहमी सांगत, "हाताला आधी कळतं, डोक्याला मागाहून."

वळशाचा सिद्धांत गाजला. सेनापती प्राध्यापक झाले. विद्यार्थ्यांत दोन तट पडले. एक म्हणे वळसा उजवीकडून, दुसरा म्हणे डावीकडून, आणि दोन्ही तटांचे लोक कॅन्टीनमध्ये वेगवेगळ्या बाकांवर बसत. सेनापतींना चार वेळा जपानहून बोलावणं आलं. चारही वेळा ते गेले नाहीत. टेबलाकडे कोण बघणार?

साऱ्या जगात त्यांना एकच खरी विरोधक होती. जपानमधल्याच एक वयोवृद्ध संशोधक बाई. पंचवीस वर्षं त्या अत्यंत आदरानं लिहीत आल्या होत्या, की माननीय प्राध्यापकांची डावी फळी जागची हललीच नाही. सेनापतीही तेवढ्याच आदरानं त्यांना उत्तर देत, आणि उत्तर पोस्टात टाकून आल्यावर दोन दिवस जेवत नसत.

आता सेनापती निवृत्त होत होते, आणि कुलगुरूंच्या डोक्यात एक कल्पना आली. हे टेबल, जसंच्या तसं, काचेच्या पेटीत घालून विद्यापीठाच्या संग्रहालयात ठेवायचं. समारंभाला जपानच्या बाई स्वतः यायच्या होत्या. त्यांनी कळवलं होतं, 'टेबल पाहीन. पटलं तर सर्वांसमक्ष मत बदलीन. नाही पटलं तर तेही सर्वांसमक्ष सांगीन.'

सेनापतींना दुसरं काही नको होतं. एकदा या बाईंनी 'हो' म्हणावं, की आपला तो एक दिवस सार्थकी लागला.

समारंभाच्या सकाळी चार हमाल आले. सेनापतींनी त्यांना रांगेत उभं करून सांगितलं, "एक बटणसुद्धा हलता कामा नये. हे चौदाशे लोक आहेत."

मुख्य हमालानं टेबलावर नजर टाकली. "चौदाशे? मग चौघांना जड जाईल, साहेब."

टेबल दारातून निघेना. आडवं, उभं, तिरकं, कसंही करता येईना, कारण उभं केलं तर चौदाशे लोक दरीत. शेवटी दाराची चौकट काढली. टेबल रस्त्यावर आलं आणि इंचाइंचानं विद्यापीठाच्या दिशेनं निघालं. पुढे हमाल, मागे सेनापती, त्यांच्या मागे उजवा तट, डावा तट आणि सर्वांत मागे आरमारवाले. हे सेनापतींचे समोरच्या खोलीतले एक सहकारी. विषय पोर्तुगीज आरमार. होडीत पाय ठेवला की यांना भोवळ येई. सेनापतींचा समारंभ फसावा अशी त्यांची फार इच्छा होती, म्हणून ते वेळेवर आले होते.

माणसं इतकी हळू आणि माना खाली घालून चाललेली पाहून रस्त्यावरची वाहनं थांबली. पोलिसानं टोपी काढली. फुटपाथवरच्या एका म्हाताऱ्यानं आरमारवाल्यांना हळूच विचारलं, "किती वर्षांचे होते?"

"बत्तीस," आरमारवाले म्हणाले. त्यांच्या मनात लढाई होती.

"अरेरे! काहीच वय नाही," म्हातारा म्हणाला आणि तोही मागून चालू लागला.

एवढ्यात सेनापतींची बायको हातात सुईदोरा घेऊन धावत आली.

"अहो, ऐका ना. काच बसायच्या आत तेवढं काळं बटण काढून द्या."

"कुठलं काळं बटण?"

"ते मधलं, मोठं. कुलगुरूंच्या कोटाचं आहे. थंडीच्या सुरुवातीला कोट दुरुस्तीला आला, बटण निघालेलं होतं. हरवू नये म्हणून तुमच्या टेबलावर ठेवलं. त्या टेबलावरून काही हरवत नाही ना."

सेनापतींचा पाय अडखळला. थंडीच्या सुरुवातीला शत्रूचा सेनापती एकाएकी पांढऱ्याचा काळा आणि दुप्पट मोठा झालेला त्यांना दिसला होता. हाताला आधी कळतं, या न्यायानं त्यांनी ओळखलं, की लढाईच्या मध्यावर शत्रूनं सेनापती बदलला. त्यावर त्यांनी निबंध लिहिला. तीन देशांत तो वाचला गेला.

"अगं, म्हणजे नवा सेनापती... तो कुलगुरूंच्या कोटाचा?"

"मला काय माहीत कोण तो. मी काढायलाच आले होते दुसऱ्या दिवशी. तर तुम्ही त्याच्याकडे बघून लिहीत बसलेले, चेहरा असा फुललेला. म्हटलं, राहू दे. कुलगुरूंना सांगत राहिले, बटण मागवलंय, मागवलंय."

"आणि आधीचा पांढरा?"

"तो आपल्या नातवाच्या झबल्याला लावला. छान दिसतो."

सेनापतींनी टेबलाकडे पाहिलं. मग म्हणाले, "म्हणजे तू टेबलाला हात लावतेस."

"आता घ्या! मग बत्तीस वर्षं धूळ काय आपल्या पायानं माघार घेत होती? एकेक बटण उचलून पुसते आणि जिथल्या तिथं ठेवते. तुम्हाला कधी कळलं तरी का?"

"नेहमी जिथल्या तिथं?"

"नेहमी."

सेनापतींचा जीव भांड्यात पडला.

"एकदाच काय ते ठेवायचं राहिलं," बायको म्हणाली. "दुकान नवीन होतं तेव्हा. आठवतं, इस्त्रीला टेबल नव्हतं. वकिलांना पँट तातडीनं हवी होती, कोर्टात उभं राहायचं होतं. घरात सपाट जागा ती एकच. म्हणून तो डावा कोपरा जरा मोकळा केला."

"आणि बटणं?"

"सारली. वाडग्यामागे. तिथून पडत नाहीत."

सेनापती थांबले. ते थांबले म्हणून दोन्ही तट थांबले, म्हातारा थांबला, आणि मागे काहीतरी झालं असं समजून हमालही थांबले.

"परत का नाही ठेवलीस?" सेनापतींनी विचारलं.

"ठेवणारच होते हो. पँट घडी घालून देऊन आले, तर तुम्ही घरी. टेबलाकडे बघत होतात आणि नाचत होतात. लग्न झाल्यापासून तुम्हाला नाचताना मी पहिल्यांदा पाहत होते." तिनं सुई एप्रनच्या खिशाला टोचून ठेवली. "मग मला काही ती बटणं हलवावीशी वाटेनात."

"साहेब, खांदा भरून आला," मुख्य हमाल म्हणाला. "लढा तरी, नाहीतर चला तरी."

ते चालू लागले.

सभागृहात व्यासपीठावर काचेची पेटी वाट पाहत होती. तिला फीत बांधलेली. कुलगुरू आपला समारंभाचा कोट घालून उभे होते आणि मधल्या बटणाच्या जागी पोटावर हात ठेवून होते. त्यामुळे ते सतत कोणाची तरी माफी मागताहेत असं वाटत होतं. शेजारी जपानच्या बाई. लहानशा, पांढऱ्या केसांच्या, हातात भिंग.

त्यांना पाहताच सेनापतींनी कमरेत वाकून जपानीत स्वागत केलं. सेनापतींचं सारं जपानी बखरींतून आलेलं. 'प्रवास कसा झाला?' असं बखरीत कोणी कोणाला विचारत नाही. म्हणून त्यांतल्या त्यात जवळचं वाक्य त्यांनी निवडलं होतं, त्याचा अर्थ असा, की 'आपलं नाव आणि कूळ सांगावं, म्हणजे मस्तक कोणाचं उतरवलं हे मला कळेल.'

बाईंनी डोळे मोठे केले, मग त्याही तेवढ्याच वाकल्या. सेनापतींची भाषा त्या व्याकरणाच्या पुस्तकातून शिकल्या होत्या. "मस्तक उपलब्ध आहे," त्या म्हणाल्या. "परंतु प्रथम मी टेबल अवलोकन करीन."

त्या टेबलावर वाकल्या. भिंग दलदलीवरून, नदीवरून, टेकडीवरून फिरलं आणि डाव्या फळीवर येऊन थांबलं. सेनापतींना वाटलं, आता या बाई विचारतील आणि आपण खोटं बोलू. बोलावंच लागेल. उभ्या जन्मात दुसरं काही मांडलेलंच नाही.

पण बाईंच्या आधी कुलगुरू वाकले. त्यांना लढाईत रस नव्हता, पण सगळे वाकतात तिथे त्यांना वाकायची सवय होती. वाकून ते तसेच राहिले.

"हे," ते म्हणाले, "हे माझं बटण आहे."

"काय म्हणता!" मागून आरमारवाले आनंदानं ओरडले.

"माझंच. यावर चरा आहे बघा, गाडीच्या दारात अडकून पडलेला. प्राध्यापक, माझं बटण जपानमध्ये काय करतंय?"

सेनापती बोलायच्या आत त्यांची बायको पुढे झाली. "नाही हो साहेब," ती म्हणाली. "असली बटणं बाजारात ढिगानं मिळतात. चरासुद्धा पाडलेलाच येतो हल्ली. फॅशन आहे."

सेनापतींनी बायकोकडे पाहिलं. या बाईनं जन्मात कोणाचं माप अर्ध्या इंचानं चुकीचं सांगितलं नव्हतं. पोट सुटलेल्या गिऱ्हाइकाला ती तोंडावर सांगायची, पोट सुटलंय. आणि ती भरसभेत, लालबुंद होऊन, त्यांच्यासाठी बटणाबद्दल खोटं बोलत होती.

"बटण साहेबांचंच आहे," सेनापती म्हणाले. "नवा सेनापती वगैरे कोणी नव्हता. आणि..." त्यांनी टेबलाची कड धरली. "डावी फळी टेकडीमागे मी नेली नाही. बखरीनंही नेली नाही. तिथे वकिलांची पँट इस्त्री करायची होती, म्हणून आमच्या हिनं ती बाजूला सारली. वळशाला दुसरा काही आधार नाही. मला हे आत्ता, रस्त्यात कळलं."

मग मागच्या रांगेतून एका विद्यार्थ्यानं हात वर केला.

"सर, पण सारली ती उजवीकडून की डावीकडून?"

"अरे, आता त्याला काय अर्थ आहे?" सेनापती म्हणाले.

"आम्हाला आहे, सर. काकू, इस्त्री कुठल्या हातात होती?"

"उजव्या," बायको म्हणाली. "सारायला डावा हात मोकळा होता. तेव्हा डावीकडूनच."

डाव्या तटानं जागच्या जागी आरोळी ठोकली. उजव्या तटातले दोघे सभात्याग करून गेले.

या सगळ्या गोंधळात जपानच्या बाई मात्र वाकलेल्याच होत्या. आता त्यांनी भिंग खाली ठेवलं.

"पंचवीस वर्षं," त्या म्हणाल्या, "मी असे लिहिले की फळी हलली नाही. बखर तर हलली असे म्हणते. मी बखरीला खोटे ठरवले. कारण टेकडीमागे जाण्याचे कारण मला सापडत नव्हते. तिथे शत्रू नाही. पाणी नाही. डावपेच म्हणून ते अत्यंत मूर्खपणाचे आहे. क्षमा असावी."

"असावी," सेनापती पुटपुटले.

"परंतु चौदाशे माणसे पहाटेपासून सपाट जागेत उभी आहेत. दुपार झाली आहे. सैन्याबरोबर स्वयंपाकी आहेत, धुणारे आहेत, शिवणारे आहेत. त्यांना सपाट जागा कोठे आहे?" बाईंनी शिंपिणीकडे वळून मान लववली. "कोणीतरी येऊन म्हणाले असेल, जरा बाजूला व्हा. आणि ते झाले. पंचवीस वर्षांत मला पटलेले हे पहिले कारण आहे. मी सर्वांसमक्ष मत बदलते. फळी हलली. टेकडीमागे हलली."

सेनापतींचे हात टेबलावरून सुटले. पंचवीस वर्षं ज्या शब्दाची वाट पाहिली तो मिळाला होता आणि तो घ्यावा की परत करावा, हे त्यांना कळेना. अंगात मुरलेला अभ्यासक तेवढ्यातही बोललाच.

"पण बाई, याला पुरावा?"

"काहीही नाही," बाई प्रसन्नपणे म्हणाल्या. "आपल्याकडे तरी कोठे होता?"

पुढचा प्रश्न कुलगुरूंच्या बटणाचा होता. त्यांना लगेच दुसऱ्या बैठकीला जायचं होतं. शिंपिणीनं शत्रूचा सेनापती उचलला, कुलगुरूंना तिथेच उभं केलं, पोट आत घ्यायला सांगितलं, चार टाके घातले आणि दोरा दातानं तोडला. शत्रूचा सेनापती कुलगुरूंच्या पोटावर बसून बैठकीला गेला. सेनापतीच नाही म्हटल्यावर लढाई अपुरी, आणि अपुरी वस्तू संग्रहालयात ठेवायची नाही असा नियम निघाला. फीत मात्र बांधून झाली होती, म्हणून रिकाम्या पेटीचं उद्घाटन झालं. ती अजून तिथे आहे. बघायला येणारे म्हणतात, धुकं फार सुरेख दाखवलंय.

टेबल आलं त्याच रस्त्यानं परत निघालं. आरमारवाले आले नाहीत. त्यांचा दिवस वाया गेला होता. कोपऱ्यावर तो म्हातारा भेटला.

"हे काय, परत आणलं?"

"हो," सेनापती म्हणाले.

"मग जिवंत होता म्हणायचा!"

"तसंच दिसतंय," सेनापती म्हणाले.

पाहुण्या बाई जेवायला घरी आल्या. मशीनवर त्यांना बसवायचं सेनापतींच्या जिवावर आलं. ते बराच वेळ टेबलाशी उभे राहिले. मग त्यांनी हात पुढे केला. या खेपेला डोक्याला आधी कळलं होतं, हातच मागे मागे येत होता. निळी नदी गुंडाळली, घोडेस्वार खिडकीत ठेवले, दलदलीची घडी केली. डाव्या फळीपाशी येऊन थबकले.

आतून बायकोनं हाक मारली. "अहो, तेवढी टेकडी आणा इकडे. वाढायला एक वाडगा कमी पडतोय."

"अगं, पण मग ही कोणामागे उभी राहणार?"

"माझ्या ताटामागे ठेवा. पडत नाहीत तिथून."

सेनापतींनी टेकडी उचलली आणि धुवायला दिली. मग परत येऊन, चाळीसच्या चाळीस बटणांना डाव्या हातानं हलकेच सारत म्हणाले, "जरा बाजूला व्हा."

जपानच्या बाईंनी पिशवीतून भिंग काढलं आणि खुर्ची पुढे ओढली.